एचएमटी 'जनता'च्या तबकडीवरील डाग : घरी स्वच्छ करावेत की तसेच राहू द्यावेत?

मांडवीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एचएमटीचे 'जनता' हे चावी द्यायचे मनगटी घड्याळ आहे. आजोबांनी ते सत्तरच्या दशकात घेतले होते आणि त्यांच्यामागे बरीच वर्षे ते रत्नागिरीच्या घरी लाकडी कपाटात पडून होते. चावी दिल्यावर ते चालू झाले आणि वेळही बऱ्यापैकी बरोबर दाखवते, त्यामुळे मशीनची मला फारशी चिंता नाही. प्रश्न आहे तो तबकडीचा. मूळची रुपेरी पांढरी तबकडी आता पिवळसर दिसते. तीन आणि चारच्या मध्ये, अगदी कडेला, तपकिरी ठिपक्यांचा एक पुंजका आहे आणि सहाच्या वरच्या बाजूस धुरकट पट्टा आल्यासारखा वाटतो. देवनागरीतील 'जनता' ही अक्षरे शाबूत आहेत, मात्र चारजवळच्या मिनिटांच्या दोन-तीन बारीक रेघा पुसट झाल्या आहेत.

इंटरनेटवरील चित्रफितींमध्ये कोणी लिंबाचा रस लावतो, कोणी टूथपेस्टने घासतो, तर कोणी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवतो आणि प्रत्येकाची तबकडी शेवटी चकचकीत दिसते. बाजारपेठेतील एका घड्याळजींना दाखवले असता त्यांनी 'नवी तबकडी टाकून देतो, नव्यासारखे दिसेल' असे सुचवले. परंतु आजोबांच्या घड्याळातील तबकडीच बदलली तर त्यात आजोबांचे असे काय उरेल, असा विचार मनात आला आणि मी घड्याळ परत घेऊन आलो. घरच्या घरी, तबकडीला धक्का न लावता, ती स्वच्छ करता येईल का? त्यासाठी कोणती साधने लागतील? आणि हे काम नवशिक्याने मुळात हाती घ्यावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


चिमटा आणि भिंग

मांडवीकर, घड्याळ परत आणलेत हे चांगले केलेत. मी पुण्यात बरीच वर्षे घड्याळदुरुस्तीचे काम केले आहे आणि 'जनता' या घड्याळाच्या तबकड्या माझ्या हाताखालून पुष्कळ गेल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी, तबकडी खरोखरच मळलेली आहे की नाही याची खात्री करून घ्या. या घड्याळांना खनिज काच नसते, ॲक्रिलिकची म्हणजे प्लास्टिकची दाबून बसवलेली काच असते. ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते, बाहेरून बारीक ओरखड्यांनी धूसर होते आणि आतल्या बाजूस तेलाच्या वाफेचा व दमटपणाचा पातळ थर धरते. घड्याळ उजेडात धरून हळूहळू तिरपे करा आणि धुरकट पट्टा काट्यांच्या वर तरंगल्यासारखा दिसतो की काट्यांच्या खाली तबकडीला चिकटलेला दिसतो, हे भिंगातून पाहा. तरंगल्यासारखा दिसला तर तो काचेवर आहे. आपण सांगितलेला पिवळेपणा संपूर्ण तबकडीवर सारखा पसरलेला आहे, त्यामुळे त्यातील बराचसा काचेचाच असावा असा माझा अंदाज आहे. 'तबकडी साफ करून द्या' म्हणून माझ्याकडे आलेल्या घड्याळांपैकी कित्येकांना केवळ नवी काच पुरेशी ठरली आहे. ही काच घड्याळाच्या सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात अगदी थोडक्या पैशांत मिळते आणि ती बदलल्याने घड्याळाच्या अस्सलपणाला काहीही बाधा येत नाही, कारण ॲक्रिलिकची काच ही मुळातच झिजली की बदलायची वस्तू आहे.

तपकिरी ठिपक्यांची गोष्ट वेगळी आहे. ते तीन-चारच्या कडेला आहेत हे आपण लिहिलेत, त्यावरून कारण उघड होते. चावीची दांडी केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचात, तीनच्या जागी शिरते. चावीच्या आत असलेली रबरी रिंग कडक होऊन मोडली की घाम, पावसाचे शिंतोडे आणि खारी दमट हवा तेथून आत येते आणि तबकडीच्या जवळच्या कडेला आधी गाठते. तबकडी ही पितळेची पातळ चकती असते. तिच्यावर मुलामा किंवा रंग, त्यावर पारदर्शक लॅकरचा थर आणि छपाई, अशी तिची रचना असते. लॅकरला कोठे सूक्ष्म भेग गेली की ओल खाली उतरते आणि पितळ आतून खराब होऊ लागते. तुम्हाला दिसणारा ठिपका हा वरून बसलेला मळ नाही, तर थराच्या खालून वर आलेला गंज आहे. तो पुसून जाणार नाही. पुसण्याच्या प्रयत्नात त्याच्यावरचे लॅकर आणि लॅकरवरची रेघ मात्र निश्चितपणे जाईल. चारजवळच्या रेघा पुसट होण्याचे कारणही तेच आहे. तेथील थर आधीच सुटू लागला आहे, म्हणून त्या भागाला काहीही लावू नका, कोरडा ब्रशसुद्धा फिरवू नका.

आता घरी काय करता येईल ते सांगतो. काटे काढणे, मशीन केसमधून बाहेर घेणे आणि तबकडी मशीनवरून सोडवणे ही तिन्ही कामे ज्याने पूर्वी केलेली नाहीत, त्याने ती आजोबांच्या घड्याळावर शिकू नयेत. बंद पडलेले, भंगारात निघालेले एखादे घड्याळ मिळवावे आणि हात त्यावर बसवावा. काटे तरफेच्या जोडीने उचलतात आणि उचलण्याआधी तबकडीवर पातळ प्लास्टिकचा चौकोनी तुकडा, मध्यापर्यंत चीर देऊन, काट्यांच्या खाली सरकवतात; नाही तर तरफेचे टोक तबकडीवर जन्मभराची खूण उमटवते. तबकडीच्या मागे तांब्याचे दोन बारीक पाय असतात आणि मशीनच्या कडेला असलेले दोन चिमुकले स्क्रू त्यांना धरून ठेवतात. हे स्क्रू पूर्ण काढायचे नसतात, फक्त सैल करायचे असतात. तबकडी सहज सुटली नाही तर जोर लावू नये, कारण पाय तुटला की तो पुन्हा जोडताना लागणाऱ्या उष्णतेने पुढचा रंग जळतो.

तबकडी हाती आली की ती फक्त कडेने धरावी. बोटांचा घाम आणि तेलकटपणा लॅकरला लागू देऊ नये, त्यासाठी रबरी बोटटोप्या वापराव्यात. मग कॅमेऱ्याची रबरी फुंकणी घेऊन धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार उडतात. फुंकणीने न उडालेला कण दिसला तर रॉडिको नावाची घड्याळकामातील मऊ पुट्टी मिळते, तिची टोकदार वळी करून तो कण अलगद टिपून घ्यावा. टिपणे आणि घासणे यांतला फरक येथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुट्टी सरळ खाली टेकवायची आणि सरळ वर उचलायची. छपाईवर आणि लॅकर सुटू लागलेल्या भागावर तीही लावायची नाही, कारण ती मळाबरोबर अक्षरेही उचलून नेते.

माझ्या मते आपल्या घड्याळाचे काम येथेच थांबायला हवे. नवी काच, चावीची नवी रिंग, आतली धूळ काढलेली, ठिपके आहेत तसेच. एवढ्याने घड्याळ इतके वेगळे दिसेल की ठिपक्यांकडे लक्ष जाणार नाही.


मांडवीकर

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे भिंग लावून पाहिले. सहाच्या वरचा धुरकट पट्टा खरोखरच काचेच्या आतील बाजूस आहे, घड्याळ तिरपे केले की तो काट्यांवरून सरकतो. पिवळेपणा मात्र थोडा तबकडीवरही आहे असे वाटते, कारण काचेच्या कडेतून पाहिले तरी तो दिसतो. ठिपके तबकडीवरच आहेत.

एक शंका उरते. चित्रफितींमध्ये इतके लोक लिंबू, स्पिरिट आणि टूथपेस्ट वापरून तबकडी चमकवताना दिसतात, ते सर्वच चुकीचे आहेत का? आणि अगदी सौम्य, केवळ पाण्याने पुसण्याचा उपायही वर्ज्य आहे का?


प्रयोगवही

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि घड्याळे जमवतो, म्हणून या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. चित्रफितीत आपल्याला शेवटचा क्षण दिसतो. त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्या तबकडीचे काय झाले हे कोणी दाखवत नाही. शिवाय चकाकी आली याचा अर्थ मळ गेला असा होत नाही. पुष्कळदा लॅकर गेलेले असते आणि खालचा उघडा धातू चमकत असतो. तो काही आठवड्यांत पुन्हा काळवंडतो आणि या वेळी त्याच्यावर कोणतेही आवरण नसते.

लिंबाचा रस आणि व्हिनेगर आम्ल आहेत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आम्लामुळे त्यातील जस्त आधी विरघळू लागते आणि पृष्ठभाग गुलाबीसर, खडबडीत होतो. काच पुसण्याच्या निळ्या द्रवांपैकी अनेकांत अमोनिया असतो आणि अमोनिया तांब्याशी संयोग पावून निळी-हिरवी संयुगे तयार करतो. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. ॲक्रिलिक काचेच्या बाहेरच्या बाजूचे ओरखडे घालवण्यासाठी ती काही प्रमाणात चालते, पण तबकडीवरचा मुलामा इतका पातळ असतो की ती तेथे लावणे म्हणजे मुलामा खरवडणेच होय. खाण्याच्या सोड्याबद्दलही हेच.

स्पिरिटचे गणित जरा वेगळे आहे. जुन्या तबकड्यांवरील पारदर्शक थर बहुधा सेल्युलोजपासून बनवलेल्या लॅकरचा असे. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन अशा लॅकरला पाहता पाहता विरघळवते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साधे स्पिरिट ते एकदम विरघळवत नाहीत, परंतु मऊ करतात; मऊ झालेल्या थरावर कापूस फिरला की त्याचे तंतू चिकटतात आणि शाईही सरकते. घड्याळजी मशीन धुण्यासाठी वापरतात ते व्हाइट पेट्रोल लॅकरला सहसा विरघळवत नाही हे खरे आहे, तरीही मी ते तबकडीवर सुचवणार नाही, कारण ते जुने गोठलेले तेल पातळ करून भेगांमधून खाली नेते आणि वाळल्यावर तेलाचे वलय मागे ठेवते. काही छपाईची शाईही त्यात सैल होते.

रुपेरी तबकड्यांबद्दल एक स्वतंत्र इशारा. चांदीचा मुलामा हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडतो आणि चांदीची भांडी ज्या तयार द्रवात बुडवून उजळतात तो द्रव हा काळा थर काढूही शकतो. परंतु तो आम्लधर्मी असतो, लॅकरच्या भेगेतून आत शिरून तेथेच राहतो आणि नंतर आतून काम करत राहतो. भांड्याला जाडी असते, तबकडीवरच्या चांदीला जवळजवळ नसतेच.

आता पाणी. पाणी पूर्णपणे वर्ज्य नाही, पण त्याला अटी आहेत. लॅकर सर्वत्र अखंड असले पाहिजे, तबकडी मशीनवरून सुटी केलेली असली पाहिजे आणि पाणी ऊर्ध्वपातित म्हणजे डिस्टिल्डच असले पाहिजे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके उमटवतात. घट्ट वळलेल्या कापसाच्या काडीचे टोक पाण्यात बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडे करावे आणि केसच्या कडेखाली झाकल्या जाणाऱ्या अगदी बाहेरच्या पट्टीवर ते एकदाच, लाटण्यासारखे फिरवून नेऊन भिंगातून काडीचे टोक पाहावे. टोकावर राखाडी मळ आला तर ठीक. टोकावर पिवळा, सोनेरी किंवा काळा रंग दिसला, तर तो लॅकरचा, मुलाम्याचा किंवा शाईचा आहे आणि प्रयोग तेथेच संपला असे समजावे. संग्रहालयांत चित्रे आणि मूर्ती स्वच्छ करताना लाळ वापरण्याची रीत आहे, कारण लाळेतील विकरे मळातील काही घटक सैल करतात. तिचा दाखला देऊन कोणी तबकडीवरही ती सुचवतात, पण तेथे काम करणाऱ्यांना थर कोणता आणि किती जाडीचा हे ठाऊक असते. आपल्याला ते ठाऊक नसते.

मांडवीकर, आपल्या तबकडीचे लॅकर चारजवळ सुटलेले आहे, म्हणजे माझी पहिलीच अट पूर्ण होत नाही. ओले काहीही लावू नये या मताशी मी सहमत आहे. उरलेला पिवळेपणा लॅकरचाच आहे. लॅकर वयाबरोबर पिवळे पडते आणि ते न काढता पांढरे करण्याचा मार्ग नाही.


सोलापूरचा बाबा

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही थोडी वेगळी बाजू मांडतो. ज्याला घड्याळ रोज वापरायचे आहे आणि संग्रहमूल्याशी ज्याला देणेघेणे नाही, त्याने तबकडी नव्याने रंगवून घेतली तर त्यात गैर काय? मूळ तबकडीवरचा रंग उतरवून, ती पुन्हा रंगवून, त्यावर नवी छपाई करून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत. मी माझ्या वडिलांच्या एका स्विस घड्याळाची तबकडी अशी करून घेतली आणि वडील ते आनंदाने वापरतात. डाग पडलेले घड्याळ कपाटात ठेवण्यापेक्षा देखणे घड्याळ मनगटावर असलेले बरे.


चिमटा आणि भिंग

बाबा, वडील आनंदाने वापरतात यावर माझे काहीच म्हणणे नाही. हे काम करणाऱ्यांपैकी काहींचा हात खरोखरच चांगला असतो. माझा आक्षेप दोन ठिकाणी आहे.

पहिला असा की हे काम उलटवता येत नाही. डाग असलेली मूळ तबकडी पुढे केव्हाही रंगवून घेता येते. रंगवलेली तबकडी पुन्हा मूळ होत नाही. म्हणून निदान काही काळ वाट पाहावी आणि कुटुंबातील इतरांचेही मत घ्यावे, असे मी गिऱ्हाइकाला सांगत असे. तबकडी बदलायचीच असेल तर तिच्या जागी दुसरी घालून मूळ तबकडी कागदी पाकिटात जपून ठेवावी, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप किमतीचा. जुन्या घड्याळांच्या बाजारात मुंबईतून जाणारी नव्याने रंगवलेली घड्याळे इतकी झाली की परदेशातील संग्राहक अशा घड्याळांना सरसकट 'मुंबई स्पेशल' म्हणू लागले, आणि हा काही गौरव नाही. नव्या छपाईत अक्षरांच्या कडा जाड व पसरट येतात, मिनिटांच्या रेघा आणि उठावाचे आकडे एका ओळीत येत नाहीत, सेकंदाच्या लहान वर्तुळाच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि स्विस घड्याळांत सहाच्या खालची 'स्विस मेड' ही बारीक अक्षरे कधी गायब असतात तर कधी ठळक होऊन बसतात.

एचएमटीच्या बाबतीत तर हे अधिक लागू आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूत या घड्याळांचे उत्पादन सुरू झाले आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. जुन्या 'जनता'चे सुटे भाग अजून सापडतात, परंतु त्या काळी कंपनीच्या कारखान्यात छापलेली मूळ तबकडी एकदा गेली की पुन्हा मिळणे कठीण आहे. बाजारात जी रंगीबेरंगी तबकड्यांची 'जनता' आणि एचएमटीचेच दुसरे मॉडेल 'पायलट' दिसतात, त्यांतील अनेकांच्या तबकड्या अलीकडे छापलेल्या आहेत. हिरव्या, केशरी, भडक निळ्या अशा रंगांत, ज्यांतील बरेच मुळात त्या मॉडेलमध्ये निघाले नव्हते. अशा वेळी घरातून आलेली, कोणी हात न लावलेली, देवनागरी अक्षरांची तबकडी डागांसकट जास्त मोलाची ठरते.


वाई ते एडिसन

चर्चा वाचताना माझ्याकडील एका घड्याळाची आठवण झाली, म्हणून याच धाग्यात विचारतो. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील स्विस घड्याळ आहे. माझे पणजोबा फौजेत होते आणि ते त्यांच्याकडचे आहे असे घरात सांगतात. काळ्या तबकडीवरील आकडे आणि काटे एके काळी अंधारात चकाकत असत. आता ते चकाकत नाहीत, तो पदार्थ तपकिरी, भुसभुशीत झाला आहे आणि त्याची बारीक भुकटी तबकडीवर सांडलेली दिसते. चकाकी गेली आहे, म्हणजे ते आता निर्धोक असावे असे मी गृहीत धरले होते. ती भुकटी रॉडिकोने टिपून घ्यावी का?


प्रयोगवही

कृपया ते घड्याळ उघडू नका. उत्तर लांबले तरी हे आधी लिहितो.

त्या काळातील चकाकणारा रंग म्हणजे रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचे मिश्रण. रेडियममधून निघणारे कण झिंक सल्फाइडवर आदळतात आणि ते प्रकाश देते. अशा सततच्या माऱ्याने झिंक सल्फाइडची रचना काही वर्षांतच मोडते आणि चकाकी थांबते. रेडियम मात्र तेथेच असते. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळापासून आजपर्यंत त्यात नाव घेण्याइतकीही घट झालेली नाही. अंधारात न चकाकणारा आकडा आणि किरणोत्सार नसलेला आकडा या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

बंद घड्याळात यातील अल्फा कण काचेपलीकडे येत नाहीत. खरा धोका त्या भुकटीचा आहे. ती श्वासावाटे किंवा बोटांवरून तोंडावाटे शरीरात गेली तर रेडियम कॅल्शियमप्रमाणे हाडांत जाऊन बसते आणि तेथूनच मारा करत राहते. आपण अमेरिकेत न्यू जर्सीतील एडिसनला राहता, तर तेथून फार लांब नसलेल्या ऑरेंज या गावी घडलेले आपल्याला ठाऊक असेलच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर तेथील कारखान्यात तरुण मुली घड्याळांचे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवत आणि ब्रशला टोक यावे म्हणून तो ओठांत धरत. त्यांच्यापैकी अनेकींचे जबडे सडले, हाडांचे कर्करोग झाले. पाच जणींनी कंपनीवर भरलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला आणि त्या कारखान्यामुळे दूषित झालेल्या जागेची सफाई पुढे कित्येक दशकांनी सरकारी खर्चाने करावी लागली.

त्यामुळे रॉडिको नाही, ब्रश नाही, फुंकणी तर मुळीच नाही. घड्याळ घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवा. काच तडकलेली असेल किंवा झाकण सैल असेल तर ते अधिक काळजीचे आहे. घड्याळ चालते करायचेच असेल तर रेडियम असल्याचे आधी स्पष्ट सांगून, अशा कामाची सोय असलेल्या कारागिराकडेच द्या. तबकडीवर सहाच्या खाली इंग्रजी 'टी' हे अक्षर असेल तर तो ट्रिटियमचा रंग असतो, त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे आणि तो तुलनेने फारच सौम्य. परंतु ट्रिटियम साठच्या दशकापासून वापरात आले, महायुद्धाच्या काळातील घड्याळात ते असण्याची शक्यता नाही.


वाई ते एडिसन

आभारी आहे. घड्याळ तसेच पिशवीत घालून गॅरेजमधील कपाटात, कुलपात ठेवले आहे. हात साबणाने धुतले.


मांडवीकर

ही माहिती वाचून माझ्याही मनात आले म्हणून पाहिले. माझ्या 'जनता'च्या आकड्यांवर किंवा काट्यांवर चकाकणारा रंग अजिबात नाही, नुसत्या साध्या रेघा आहेत.

सर्वांचा सल्ला मानून तबकडीला हात न लावण्याचे ठरवले आहे. नवी काच आणि चावीची रिंग मात्र बसवून घ्यायची आहे. रत्नागिरीत हे काम देताना कारागिराला नेमके काय सांगावे, आणि घड्याळ परत घेताना काय तपासावे? पावसाळ्यात ते कसे ठेवावे, तेही कळले तर बरे होईल.


चिमटा आणि भिंग

काम देण्यापूर्वी तबकडीचे दिवसाच्या उजेडात जवळून छायाचित्र काढून ठेवा. चारजवळच्या पुसट रेघा आणि ठिपक्यांचा पुंजका स्पष्ट दिसला पाहिजे. कारागिराला ते दाखवा आणि 'तबकडी पुसायची नाही, फुंकणीने धूळ उडवायची आणि काच लावायची' असे सांगा. हे शब्द आवर्जून वापरा, कारण घड्याळ उघडले की पदराने म्हणा, कापडाने म्हणा, तबकडीवरून एक हात फिरवून द्यायची सवय पुष्कळांना असते आणि ती प्रेमापोटीच असते. शक्य असल्यास समोर बसून काम करून घ्या. काच बसवण्यासाठी तबकडी मशीनवरून काढण्याची गरज नसते. मशीन केसमधून बाहेर आले की पुरे. काटेही काढावे लागत नाहीत.

नवी काच बसवण्याआधी तिची आतली बाजू पुसलेली आहे का, ते पाहा. दाबून बसवण्याच्या काचेवर हाताचे ठसे राहतात आणि मग तोच धुरकट पट्टा पुन्हा दिसू लागतो. काचेचा घुमट काट्यांना पुरेल इतका उंच आहे का, हेही तपासायला हवे. त्यासाठी घड्याळ परत घेताना चावी ओढून काटे पूर्ण बारा तास फिरवा, घड्याळ चालू असताना सेकंदकाट्याची फेरीही पाहा आणि कोणताही काटा कोठेही काचेला टेकत नाही याची खात्री करा. टेकणारा काटा घड्याळ मधूनच थांबवतो आणि दोष मशीनवर जातो. मशीनला तेल घालून बरीच वर्षे झाली असणार, तेव्हा ते उघडलेलेच आहे तर सर्व्हिसिंगही करून घ्या. सुकलेल्या तेलावर ते चालत राहिले तर चाकांचे आस झिजतात. सर्व्हिसिंगसाठी मात्र काटे आणि तबकडी काढावी लागतेच, म्हणून ज्याच्या हातावर आपला विश्वास बसेल त्यालाच ते द्या, आणि काम चालू असताना तबकडी झाकणाच्या डबीत वेगळी ठेवायला सांगा.

कोकणातील पावसाळ्यात हे घड्याळ लाकडी कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा आणि रंग बदलणारे खडे असतील तर रंग पालटला की पुड्या बदला. कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नका, दोन्ही ओल धरतात. कातडी पट्टाही काढून वेगळा ठेवा, त्याच्यावर बुरशी आधी येते. नवी रिंग बसवली तरी हे घड्याळ पाण्यासाठी बनवलेले नाही, म्हणून पावसात बाहेर पडताना ते घालू नका. चावी आठवड्यातून एकदा द्या, पूर्ण नव्हे, थोडीशी, म्हणजे तेल एका जागी बसणार नाही.